मिलरसान कुरकुरत का नाहीत

परदेशी भाषेच्या पहिल्या पुस्तकात राहणारी माणसं फार सुखी असतात. आमच्या जपानीच्या वर्गात 'मिन्ना नो निहोंगो' हे पुस्तक आहे. त्यात मिलर नावाचे एक अमेरिकन गृहस्थ भेटतात. जपानी रिवाजाप्रमाणे मिलरसान. ते एका कंपनीत नोकरीला आहेत. सकाळी उठतात, कामावर जातात, दुपारी जेवतात, सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर फिरायला जातात. निदान सुरुवातीच्या पाठांत तरी त्यांचं पित्त खवळत नाही, पगार लांबत नाही, साहेब बोलत नाही. हवा चांगली असते. जेवण रुचकर असतं. शेजारीपाजारी एकमेकांना भेटवस्तू देतात. इतका निवांत माणूस मी भोर तालुक्यात पाहिलेला नाही. वेल्ह्यात तर नाहीच.

मी जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक. घर भोरला, शाळा तोरण्याच्या अंगाला एका वाडीवर, आणि सुट्टीच्या दिवसांतला हा विद्यापीठाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुण्यात. आठवडाभर मी दुसऱ्यांना बाराखडी शिकवतो आणि रविवारी वही घेऊन दुसऱ्याची बाराखडी गिरवायला बसतो. हे भोरच्या स्टँडवर कळल्यावर पहिला प्रश्न आला, "कशाला वो गुर्जी?" विचारणाऱ्यांनीच उत्तरंही पुरवली. एकानं ठरवलं, शिरवळच्या कुठल्याशा कंपनीत लागणार. दुसऱ्यानं ठरवलं, पोराला जपानला धाडणार. शिक्षक परिषदेत एका सहकाऱ्यानं बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, "बदलीत याचे गुण धरतात का हो?" मुख्याध्यापकांना वेगळीच धास्ती होती. "नवीन परिपत्रक तर नाही ना आलं?" बायकोचं म्हणणं थोडक्यात होतं. बोलायचीच हौस असेल तर सुरुवात घरातून करावी, तिथे मराठी चालतं.

खरं कारण सांगितलं तर कुणाला पटत नाही. मला ती अक्षरं आवडली, एवढंच.

तसं परदेशी भाषा शिकणं ही पुण्याची जुनी हौस. फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट म्हटलं की पुणेकरांना दोन गोष्टी आठवतात, पत्रकारिता आणि परदेशी भाषा. जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन, फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज, आणि जपानी शिकणाऱ्यांची तर या शहरात इतकी गर्दी की जुलै आणि डिसेंबरमधल्या जपानी परीक्षेच्या दिवशी रिक्षावालेही विचारतात, "आज कसली परीक्षा?" सिंहगड रस्त्यावर जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर एक बाग आहे. तिला नाव आहे पु. ल. देशपांडे यांचं. 'पूर्वरंग'मध्ये जपानची सफर घडवणाऱ्या माणसाचं नाव जपानी बागेला, हे ठीकच झालं. फक्त त्या बागेतली शांतता पाहून पुलंनी काय काय म्हटलं असतं, याचा विचार करत मी तिथे बसतो आणि गृहपाठ राहून जातो.

पहिल्या तासाला सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या बाईंनी, फळ्यावर स्वर लिहिले. अ, इ, उ, ए, ओ. मग ओळी आल्या: क, स, त, न, ह, म, य, र, व. मी पेन खाली ठेवलं. हे तर आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं आहे! मधला ट-वर्ग गाळलाय, महाप्राण गाळलेत, पण रांग तीच. सेन्सेई म्हणाल्या, बरोबर ओळखलंत. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकायचे, जपानीत तिला शित्तान म्हणतात. त्या अभ्यासातून आपल्या वर्णमालेचा क्रम तिकडे रुजला. आज जिथे स आहे तिथला जुना उच्चार चकाराजवळचा होता आणि ह च्या जागी प होता, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. मग तर क, च, त, न, प, म, य, र, व अशी आपली ओळ सरळ उभी राहते. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू इ. स. ७३६ मध्ये जपानला पोहोचला आणि ७५२ मध्ये नारा इथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हातून झाला. म्हणजे आपली माणसं तिकडे फार आधी जाऊन आली होती. त्या दिवशी मी कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत छाती फुगवून बसलो होतो. पुढच्या आठवड्यात कांजी आली, म्हणजे चिनी चित्राक्षरं. अगदी पहिल्या पायरीच्या परीक्षेलाही अशी शंभरेक अक्षरं आणि आठशेच्या आसपास शब्द लागतात असं ऐकलं, आणि छाती मूळ मापावर आली.

मग ओळख करून देण्याचा पाठ आला. त्यात धंद्यांची यादी असते: कंपनीतला नोकर, बँकेतला नोकर, डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक, विद्यार्थी. शेतकरी नाही. शेजारच्या बाकावरच्या मुळशीच्या मुलाला वडिलांविषयी सांगायचं होतं, त्याचे वडील भातशेती करतात. त्यानं क्षणभर यादी न्याहाळली आणि वडिलांना बँकेत लावून टाकलं. नव्या भाषेत माणूस खरं बोलत नाही, येतं ते बोलतो. छंद विचारला तेव्हा आम्हा सगळ्यांचा छंद एकच निघाला, पुस्तक वाचणं. कारण 'पुस्तक' आणि 'वाचणे' हे दोन्ही शब्द आदल्याच तासाला झाले होते. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आमच्या वर्गात आहेत. ते मला नंतर म्हणाले, "मी शेवटचं पुस्तक वाचलं ते पासबुक."

स्वतःला 'सेन्सेई' म्हणायचं नाही, हेही त्याच पाठात कळलं. दुसऱ्यानं म्हणावं सेन्सेई, आपण म्हणायचं क्योऽशि. हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. वाडीवर मला सगळे गुर्जी म्हणतात, पण तहसील कचेरीत खिडकीसमोर उभा राहून मी कधी 'मी गुरुजी' म्हटलेलं नाही. तिथे मी प्राथमिक शिक्षक असतो, आणि तेही हळू आवाजात.

गाव सांगताना मात्र पंचाईत झाली. जपानीत भ नाही, ळ नाही, ल आणि र यांचं एकच खातं, आणि व चा सहसा ब होतो. भोर लिहिलं की होतं 'बोऽरु', आणि बोऽरु म्हणजे चेंडू. "मी चेंडूला राहतो" म्हणण्यापेक्षा मी वेल्ह्याचा आसरा घेतला. वेल्ह्याचं झालं 'बेरुहे'. ते घोटून घोटून वळण बसतंय तोवर लक्षात आलं की राज्य मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिलेली आहे. म्हणजे आता 'राजिगादो'. आमच्या वाडीवरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे, म्हणून मीही वहीत बेरुहे ठेवलंय. शासन विचारायला येईपर्यंत चालेल.

आषाढातला एक रविवार सांगतो. भोरहून निघालो तेव्हाच नीरेच्या खोऱ्यावर काळोख उतरला होता. कापूरहोळपर्यंत पावसानं मोटरसायकल धुतली, पुढे महामार्गावर ट्रकांनी मला धुतलं. वर्गात शिरलो तर बुटांतून प्रत्येक पावलाला आवाज येत होता. रेनकोटाच्या खिशात ठेवलेल्या वहीचा लगदा झाला होता. सेन्सेईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जरा हसल्या, आणि पाठातलं वाक्य म्हणाल्या, "क्योऽ वा ई तेन्कि देस ने." आज हवा छान आहे, नाही? माझ्या पोटात तेव्हा काय काय होतं! रस्त्यावरचे खड्डे, ते बुजवणारे कंत्राटदार, ट्रकवाले, हा पाऊस, हा अभ्यासक्रम, आणि ज्या घटकेला मला अक्षरं आवडली ती घटका. पण यातल्या एकाही गोष्टीला लागणारा शब्द माझ्याकडे नव्हता. मला एकच उत्तर येत होतं. नाकावरचं पाणी पुसत मी म्हणालो, "हाय, सोऽ देस ने." हो ना, खरंच.

वर्ग हसला. मीही हसलो, आणि नवल म्हणजे खरोखरच जरा बरं वाटलं. तक्रार करताच आली नाही, म्हणून ती तिथेच विरून गेली. तेव्हा मिलरसानांच्या सुखाचं मर्म कळलं. तो स्वभावाचा भाग नव्हे, शब्दसंग्रहाचा आहे.

याच्या उलट आमच्याकडे पाहा. आमच्याकडे बोलणं सुरूच होतं ते तक्रारीनं. रामराम हा केवळ दार ठोठावण्याचा प्रकार, आत शिरल्यावर कुरकुर. जूनमध्ये वेल्ह्याच्या स्टँडवर दोन म्हातारे भेटले की, "न्हाय राव पाऊस, तरवं करपायला लागलं." जुलैत तेच दोघे, त्याच बाकावर, "लय झाला, लावणी उरकू देतोय का!" ऑगस्टात, "उघडीप द्यायला काय जातं त्याचं?" आणि दसऱ्याला ओंब्या भरून शेत पिवळंधमक डुललं तरी, "पीक हाय, पण भाव कुठाय?" त्या दोघांना मी कधी 'हवा छान आहे' म्हणताना ऐकलं नाही. त्यातल्या एकानं उद्या तसं म्हटलंच, तर दुसरा त्याला आधी दवाखान्यात नेईल.

भोरकरांची कुरकुर तर इतिहासानं सिद्ध आहे. वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण १९२७ मध्ये पुरं झालं. गावं आमची बुडाली आणि पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती, फलटणकडे निघून गेलं. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण आमच्याकडे म्हण म्हणून कुणी वापरत नाही, बातमी म्हणून सांगतात.

आणि तक्रारीची भाषा तरी सगळी आपली कुठे आहे? फिर्याद, तक्रार, अर्ज, दावा, हरकत हे सगळे फारसी-अरबीकडून आलेले पाहुणे. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात तेराशेहून अधिक शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. पदांची नावंही बदलली, सुरनीस होता त्याचा सचिव झाला. पुढे ते सचिवपद आमच्या भोरच्या घराण्यात आलं आणि संस्थान संपेपर्यंत पंतसचिव भोरच्या गादीवर होते. सुरनीस गेला, सचिव आला. पण राजवाड्याच्या दारात जो माणूस उभा राहायचा तो तक्रार घेऊनच उभा राहायचा. परक्या भाषेतून माणसानं सगळ्यात घट्ट धरून ठेवलं ते गाऱ्हाणं मांडायचं सामान. मुजरा करायला एक वाकणं पुरतं, गाऱ्हाण्याला शब्द लागतात.

अर्थात पुस्तकातलं सुख जन्मभर पुरत नाही. आठव्या पाठात 'गा' आला. 'गा' म्हणजे पण. दिसायला एवढासा, वाक्याच्या मधोमध बसतो आणि अर्ध्या वाक्याचं वाटोळं करतो. जपानमधलं जेवण रुचकर आहे, पण महाग आहे. तोपर्यंत आमचा वर्ग शहाण्या मुलांसारखा रांगेनं उत्तरं द्यायचा. त्या दिवशी सेन्सेईंनी प्रत्येकाला 'पण'चं एक वाक्य करायला सांगितलं आणि वर्गाला कंठ फुटला. निवृत्त काका म्हणाले, पुणे मोठं आहे, पण गोंगाटाचं आहे. चाकणच्या कारखान्यातला इंजिनिअर म्हणाला, काम मजेचं आहे, पण फार आहे. जपानी व्यंगचित्रपटांपायी वर्गाला आलेली एक मुलगी कधी बोलत नसे, तिनं तर वसतिगृहाच्या जेवणावर लागोपाठ तीन वाक्यं केली. मी म्हणालो, "वाताशि नो गाक्कोऽ वा चीसाइ देस गा, किरेइ देस." माझी शाळा लहान आहे, पण सुंदर आहे. सेन्सेईंनी मान डोलावली. खरं तर मला म्हणायचं होतं, शाळा सुंदर आहे पण गळते. 'गळणे' अजून झालं नव्हतं.

तेराव्या पाठात 'हवं' आलं. तोवर मिलरसानांकडे जे होतं ते होतं आणि नव्हतं ते नव्हतं. आता त्यांना काहीबाही हवंसं वाटू लागलं, कुठे कुठे जावंसं वाटू लागलं. मी मनात म्हटलं, संपलं. सतराव्यात 'लागतं' आलं: जायलाच लागतं, औषध घ्यायलाच लागतं, उशिरापर्यंत थांबायलाच लागतं. आधी पण, मग हवं, मग करावंच लागतं. संसारी माणसाचं अवघं आयुष्य त्या पुस्तकानं दहा पाठांत उरकलं. आमच्याकडे एवढ्याला सात फेरे आणि पंचवीस वर्षं लागतात. गंमत म्हणजे जसजसे मिलरसान सुखातून उतरत गेले, तसतसे ते मला जवळचे वाटू लागले. पहिल्या पाठातला मिलर हा पाहुणा होता. सतराव्या पाठातला मिलर भोरच्या स्टँडवर माझ्या शेजारी बसून एस.टी.ची वाट पाहू शकला असता.

शाळेत मी थोडं जपानी सांडतो. आमच्या शाळेचा पट असा की पहिली ते चौथी सगळी पोरं एका पडवीत मावतात, त्यामुळे एकाला सांगितलं की सगळ्यांना कळतं. सकाळी 'ओहायोऽ गोझाइमास' चा कोरस होतो. केंद्रप्रमुख भेटीला आले तेव्हा पोरांनी तोच सलामीला दिला, तर त्यांनी शेरेबुकात 'इंग्रजीची तयारी चांगली' असं लिहिलं. 'आरिगातोऽ' पोरांना येतं, एक ते दहा येतं. पण दुसरीतल्या एका पोराला यात राम वाटेना. फार विचार करून एके दिवशी त्यानं विचारलं, "गुर्जी, 'ह्यो मला मारतोय' ह्येला जपानीत काय म्हंत्यात?"

मी गप्प झालो. हे पोर मिलरसानांच्या पुढचं निघालं. त्याला नमस्कार नको होता, हवा-पाणी नको होतं. पहिलं वाक्य हवं होतं ते गाऱ्हाण्याचं, कारण शाळेत त्याला रोज लागतं ते तेच.

रविवारी मी सेन्सेईंना विचारलं. त्यांनी पुस्तकाचा दुसरा भाग उघडून दाखवला. "ते सदतिसाव्या पाठात," त्या म्हणाल्या. "तिथे कर्मणी येतं." कर्मणी म्हटल्यावर मला 'रामाकडून रावण मारला गेला' आठवलं, आपल्या व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर कधी न निघणारं वाक्य. पण जपान्यांनी कर्मणीला निराळ्याच कामाला लावलंय. कुणी आपला पाय तुडवला, धाकट्या भावानं कॉम्प्युटर मोडून ठेवला, तर ते सरळ सांगायचं नाही. 'माझ्यावर हे असं गुदरलं' अशा वळणानं सांगायचं. ज्यानं केलं त्याचं नाव येतं, पण वाक्याचा मालक असतो सोसणारा. पावसाचंही तसंच. 'आमे नि फुरारेमाशिता': पाऊस नुसता पडला नाही, तो माझ्यावर पडला, आणि माझे हाल झाले. एवढ्या एका क्रियापदाच्या रूपात जपानी माणूस आपले दोन म्हातारे, त्यांचा बाक आणि करपलेले तरवे बसवतो. व्याकरणाचे अभ्यासक याला उपद्रवाचं कर्मणी अशा अर्थाचं नाव देतात. एवढी मऊ बोलणारी, वाकून वाकून नमस्कार करणारी माणसं, आणि त्यांनी कुरकुरीसाठी व्याकरणात खास दालन राखून ठेवलंय! मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. त्या बोधिसेनालाही तिकडे करमलं कसं, याचा थोडा उलगडा झाला.

त्या दिवसापासून मी परीक्षेपेक्षा सदतिसाव्या पाठाची वाट पाहतोय. 'नमस्कार' आणि 'हवा छान आहे' एवढ्यावर परक्या गावात पाहुणचार मिळेल, चहा मिळेल, कुणी सोबत फोटोही काढून घेईल. पण बाकावर सरकून जागा मिळते ती पावसाला दोन शब्द सुनावता आले तरच. आपल्याशी फक्त गोड बोलणारा माणूस अजून उंबऱ्यावरच उभा असतो. ज्याच्यापाशी आपण कुरकुरतो आणि जो त्यावर "आमच्याकडं तर ह्याहून वाईट" म्हणतो, तो आतला.

सोमवारी शाळेत त्या पोराला सगळं सांगितलं. म्हटलं, बाळा, तुझं वाक्य आहे, फार सुंदर आहे, 'तताकारेमाशिता' असं काहीतरी होतं, पण ते सदतिसाव्या पाठात. अजून वेळ आहे.

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. सदतीसपर्यंत बोटं पुरेनात.

"ऱ्हाऊ द्या गुर्जी," तो म्हणाला, "तवर मराठीतच सांगतो. ह्यो बघा, परत मारतोय."